कापलं तसं शिवलं

दुकानात तिला सगळे उसवण म्हणायचे. सासरे म्हणायचे, नवरा म्हणायचा, मशीनवरचे दोघे कारागीर म्हणायचे, आणि ऐकून ऐकून जुनी गिऱ्हाइकंही म्हणायची. एखादं नवं गिऱ्हाईक विचारायचं, हे कसलं नाव. मग मास्तर, म्हणजे तिचे सासरे, कात्रीच्या टोकानं मागच्या भिंतीकडे खूण करायचे. तिथे खिळ्याला एक करडा कोट टांगलेला होता. एक बाही लावलेली, दुसरी अर्धवट उसवून लोंबणारी.

"ही आमच्या सूनबाईंची कलाकारी," मास्तर सांगायचे. "तेव्हापासून तिच्याकडे फक्त उसवायचं खातं दिलंय. त्यात बिघडवायला काही शिल्लक नसतं."

गिऱ्हाईक हसायचं. मास्तरांच्या जिभेलाही कात्रीसारखीच धार होती, आणि कुठे चालवायची याची पुरती जाण. माणसाचं माप घेता घेता ते त्याच्यासमोर दुसऱ्या कुणाची तरी मापं काढायचे. आपली काढली नाहीत म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

ती या घरात आली तीच मुळी हात चांगला म्हणून. तिची आई घरी बसून शेजारपाजारचे कपडे शिवायची आणि ती आईच्या मांडीवर होती तेव्हापासून मशीनचा आवाज ऐकत मोठी झाली होती. मास्तर मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी तिचा चेहराही धड पाहिला नाही, तिनं शिवलेल्या उशीच्या अभ्र्याची शिवण उलटी करून पाहिली आणि होकार दिला. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला एक कोट शिवायला दिला. कापड भारी, गिऱ्हाईक वजनदार. मास्तरांनी स्वतः कापून दिलेले तुकडे तिनं जीव ओतून जोडले. ट्रायलच्या दिवशी गिऱ्हाइकानं हात वर केला आणि अख्खा कोट हाताबरोबर वर गेला. मास्तरांनी सगळ्यांदेखत कोट त्याच्या अंगावरून काढला, बाही ओढून उसवली आणि कोट तिच्या तोंडावर फेकला. दुसऱ्या दिवशी तो कोट खिळ्याला लागला. तिचं खरं नाव त्याच दिवशी बंद पडलं.

दुकान अरुंद आणि लांबलचक होतं. पुढे काचेचा काउंटर, तिथे तिचा नवरा कापडाचे तागे उलगडत गोड गोड बोलत असायचा. मग मोठा आरसा आणि मास्तरांचं कटिंगचं टेबल. पडद्यामागे दोन मशीनं, आणि त्याही मागे, मोरीला लागून, एका बुटक्या स्टुलावर ती. तिच्या शेजारी आत्याबाई काज-बटण करत बसायच्या. आत्याबाई मास्तरांच्या बहीण. नवरा लवकर गेला, त्या भावाकडे आल्या आणि सुई हातात घेऊन जणू भिंतीत चिणल्यासारख्या तिथेच राहिल्या. साऱ्या घरात तिच्याशी माणसासारखं बोलणाऱ्या त्या एकट्या.

"तोंड त्याचं असू दे," त्या म्हणायच्या. "हात आपले आहेत ना?"

ती उसवत राहिली. जुने कोट, सैल करायच्या विजारी, दुसऱ्या दुकानांतून बिघडून आलेले कपडे. अस्तर सोडवलं की आतला माणूस दिसतो. कुणी कुठे चोरी केली, कुठे घाई केली, कुठे कापड दमानं वळवून घेतलं, सगळं टाक्याटाक्यानं तिच्या बोटांखालून जायचं. तिला कुणी शिकवलं नाही. शिकवायचं नाही असंच ठरलेलं होतं, आणि ते मात्र कुणाला जमलं नाही.

वर्षं गेली. मूल झालं नाही. त्यावरही मास्तरांनी कारागिरांसमोर एकदा म्हणून दाखवलं, "हिला कुठलाच टाका बसत नाही." मशीनवरचे दोघे खाली मान घालून हसले. नवराही हसला. तो वडिलांच्या प्रत्येक विनोदाला हसायचा, त्याच्यावरच्या विनोदाला जरा जास्तच.

पुढे मास्तरांच्या डोळ्यांत पडदा यायला लागला. डॉक्टरकडे जा म्हटलं की खवळायचे. खडूची रेघ त्यांना दिसायची, पण एकीच्या दोन दिसायच्या, आणि त्यातली खरी कुठली ते त्यांना अंदाजानं ठरवावं लागायचं. एकदा निळ्या कोटाचे तुकडे मशीनवर जायला निघाले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुढचा एक पल्ला दुसऱ्यापेक्षा अरुंद आहे. तिनं टेबलाजवळ जाऊन हळूच सांगितलं.

"आंधळा मी की तू?" मास्तर मोठ्यानं म्हणाले. आरशासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळून त्यांनी विचारलं, "आता उसवण मला कापायला शिकवणार. दुकानाचं नाव बदलू का?"

ती परत स्टुलावर जाऊन बसली. दुपारी मास्तर वरच्या खोलीत झोपायला गेले, तेव्हा उरलेल्या कापडातून तिनं तो पल्ला नव्यानं कापला. मास्तरांच्या कात्रीला हात लावायची कुणाची टाप नव्हती, ती नेहमी ड्रॉवरमध्ये कुलपात असायची. म्हणून तिनं साध्या कात्रीनं काम भागवलं. आत्याबाईंनी पाहिलं आणि सुईत दोरा ओवत बसल्या.

संध्याकाळी मास्तरांनी तुकड्यांवरून हात फिरवला. त्या पल्ल्याच्या कडेवर त्यांची बोटं थांबली. ही आपली कड नाही, हे डोळे नसले तरी बोटांना कळलं. त्यांनी तुकडे तसेच मशीनवर पाठवले. आणि दुसऱ्या दिवशी झोपायला जाताना त्यांनी आपली कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली नाही, टेबलावरच राहू दिली.

तेव्हापासून तसंच चालू झालं. सकाळी गिऱ्हाइकांदेखत मास्तर कापायचे, दुपारी ते झोपले की ती सगळं सावरायची. कुणी कुणाशी त्याबद्दल एक अक्षर बोललं नाही. दुकानाचं नाव उलट वाढलं. मास्तरांच्या हातात म्हातारपणी जादू आली असं लोक म्हणायला लागले. आणि जसजसं नाव वाढलं, तसतसे मास्तर तिच्याशी अधिकच वाईट वागू लागले. दुसऱ्याचा उपकार पचवायला मोठं पोट लागतं. त्यांच्याकडे नुसतं मोठं तोंड होतं. जेवताना ते तिच्या भाजीला नावं ठेवायचे, गिऱ्हाइकासमोर तिला खाली पडलेल्या टाचण्या वेचायला लावायचे, आणि नेमकं ज्या दिवशी तिनं एखादा अवघड कोट सावरलेला असायचा, त्याच दिवशी भिंतीवरच्या करड्या कोटाची गोष्ट सांगायचे.

तिला राग येत नव्हता असं नाही. पण आपण खरंच तो पहिला कोट बिघडवला होता, ही गोष्ट तिच्या मनात कुसळासारखी रुतून बसली होती. आपल्याला आज येतं ते ठीक, पण मुळात आपण बिघडवणाऱ्या, असं तिला वाटायचं. जे मिळतं ते आपल्या लायकीपेक्षा कमी नाही, असंही.

मग हॉटेलवाल्या बाई आल्या. गावात त्यांचं मोठं हॉटेल होतं. तरुणपणी अपघातात त्यांचं कंबरेचं हाड मोडलं होतं, आणि एक बाजू कायमची खाली बसली होती. त्यांच्या अंगावर कुठलाही कपडा तिरका दिसायचा. मास्तरांकडून शिवून घेतलेला कोट घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, वळून पाठमोऱ्या झाल्या, आणि मान वळवून कोट कुठेच तिरका दिसत नाही ते पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, हॉटेलातल्या सगळ्या माणसांचे कोट इथेच द्यायचे मनात आहे, चार दिवसांनी येऊन नक्की सांगते. पण ज्यानं हा कापला त्यालाच मापं घ्यायला हॉटेलात यावं लागेल.

पडद्यामागे तिनं ते ऐकलं. त्या कोटावर ती दोन दुपारी खपली होती. त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे काही मागितलं. बाबांना सांगा, म्हणाली, मापं घ्यायला मलाही बरोबर येऊ द्या. नाव त्यांचंच राहू दे. मी नुसती टेप धरून उभी राहीन.

"नाव बाबांचं आहे," नवरा म्हणाला, "मग हात कुणाचे का असेनात. तुला काय कमी आहे इथं?"

आणि सकाळी जाऊन त्यानं हे वडिलांना सांगून टाकलं. भांडण नको म्हणून सांगितलं, असं तो पुढे म्हणायचा.

चौथ्या दिवशी हॉटेलवाल्या बाई येऊन बसल्या. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मास्तरांनी पडद्याकडे तोंड करून हाक मारली.

"उसवणे, बाहेर ये. बाई, ही म्हणते तुमचा कोट हिनं कापलाय. तेव्हा हिचं काम आधी बघून घ्या. काढ गं तो खिळ्यावरचा."

ती स्टूल घेऊन आली, वर चढली, कोट काढला. तो धुळीनं जड झाला होता.

"घाल अंगात."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो ताग्याची घडी घालत होता. तिनं कोट घातला. एक बाही हातात गेली, दुसरी खांद्यावरून लोंबत राहिली. मास्तर म्हणाले, आता हात वर कर. तिनं केला, आणि कोट वर चढून तिच्या कानाला टेकला. एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं, मग दुसरं. मशीनं थांबली होती. हॉटेलवाल्या बाईंच्या तोंडावरही हसू आलं, व्यवहारापुरतं.

"वळ. पाठ दाखव बाईंना," मास्तर म्हणाले.

ती वळली. तिचा हात त्या कोटाच्या मुंढ्यात, बाही जोडतात त्या काखेच्या घेरात, अडकला होता, आणि तिची बोटं, सवयीनं, आतली शिवण चाचपत होती. इतक्या वर्षांत तिनं या कोटाला हात लावला नव्हता. धाडसच झालं नव्हतं. आता बोटांनी शिवणीचा शोध घेतला तेव्हा शिवणीत काहीच चूक सापडली नाही. टाके एकसारखे होते, एका नव्या घाबरलेल्या मुलीनं घातलेले, नेटके. मुंढाच मुळात लहान कापलेला होता. त्या मुंढ्यात जगातल्या कुठल्याही कारागिरानं बाही बसवली असती तरी कोट कानापर्यंत आलाच असता. कोट बिघडला होता तो टेबलावर. मशीनवर यायच्या आधी.

तिनं मान वळवून पडद्याच्या फटीतून आत पाहिलं. आत्याबाईंनी पटकन डोळे खाली घातले.

 कोट काढून तिनं परत खिळ्याला लावला आणि मागे जाऊन बसली. हॉटेलवाल्या बाईंनी नमुन्यादाखल चार कोटांचं काम दिलं आणि निघून गेल्या.

"तुम्हाला माहीत होतं," तिनं आत्याबाईंना संध्याकाळी विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलंच.

"होतं," आत्याबाई म्हणाल्या. "मला या घरात राहायचं होतं."

त्यानंतर ती बदलली, पण कुणाला दिसेल असं काही झालं नाही. आवाज चढवला नाही, कामाला नाही म्हटलं नाही. दुपारी मास्तर झोपायला गेले, कात्री टेबलावर ठेवून गेले, आणि ती स्टुलावरून उठली नाही. इतकंच. कारागीर तुकडे घेऊन तिच्याकडे आला, पल्ले खालीवर आहेत म्हणाला. ती म्हणाली, "मास्तरांनी कापलंय तसं शिवा."

मास्तर उठून आले आणि त्यांनी तुकड्यांवरून हात फिरवला. कड त्यांचीच होती. ते तिच्या दिशेनं तोंड करून बराच वेळ उभे राहिले. एक शब्द टाकला असता तर कदाचित ती उठली असती. कदाचित नसतीही. पण तो शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच. दुसऱ्या दिवशी कात्री पुन्हा टेबलावर होती, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ती परत कुलपात गेली.

याच दिवसांत टपालबाबूंचा कोट कापला गेला.

टपालबाबू म्हणजे पोस्टात खिडकीमागे बसणारा एक सडसडीत, मऊ आवाजाचा माणूस. सगळं आयुष्य तयार कपडे घातलेले. निवृत्त होत होते, कचेरीनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता, आणि बायकोनं हट्ट धरला की एकदा तरी अंगाचं माप देऊन शिवलेला कोट घाला. माप देताना ते इतके संकोचले होते की मास्तरांना दोनदा सांगावं लागलं, श्वास घ्या, मेलात तर कोट कुणाला देऊ. ते हसले. जाताना त्यांनी पडद्याआड डोकावून सगळ्यांना नमस्कार केला, तिलाही.

कोट न्यायला ते कार्यक्रमाच्या दिवशीच आले. बायको बरोबर होती. त्यांनी कोट घातला आणि आरशासमोर उभे राहिले. डावा खांदा वर, उजवा खाली. पाठीवर दोन सुरकुत्या. कॉलर मानेपासून सुटून उभी. लहान मुलालाही दिसलं असतं. बायकोच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला.

"जरा वाकडा वाटतो का?" टपालबाबूंनी विचारलं.

मास्तरांनी जवळ जाऊन खांद्यांवरून हात फिरवला. त्यांना कळलं नसेल असं नाही. क्षणभर त्यांचा हात तिथेच राहिला. मग त्यांनी टपालबाबूंच्या उजव्या खांद्यावर थाप मारली.

"कोट सरळ आहे, साहेब. अंगात खोट आहे. जन्मभर टेबलावर वाकून शिक्के मारलेत, एक खांदा गळलाय तुमचा. मी कापड कापतो, हाडं नाही. हा खांदा उचला. आणखी. हां, आता बघा."

टपालबाबूंनी उजवा खांदा उचलला. कोट जवळजवळ सरळ झाला. काउंटरवरून नवरा वडिलांना साथ द्यायला म्हणून हसला आणि म्हणाला, "फक्त कार्यक्रमभर असेच राहा." कारागीरही हसले. टपालबाबू स्वतःही हसले, आपल्याच शरीराची क्षमा मागावी तसे.

ती पडद्याजवळ उभी होती. तिला दिसत होतं. उसवून, खांदा फिरवून परत बसवायला दुपार पुरली असती, आणि कार्यक्रम संध्याकाळी होता. तिनं तोंड उघडलं असतं तर बस होतं. टपालबाबूंच्या बायकोनं एकदा तिच्याकडे पाहिलं, बाईनं बाईकडे पाहावं तसं, खरं सांग म्हणून.

ती म्हणाली, "छान दिसतोय."

ते दोघं निघून गेले. ती स्टुलावर जाऊन बसली. आपण एवढे शांत कसे, याचं तिला नवल वाटलं. पुढचा कोटही तसाच जाईल, त्याच्या पुढचाही, आणि मग सगळ्या गावाला कळेल की या दुकानात कोट कोण कापत होतं. आपली किंमत कळायला एवढं तरी व्हायलाच हवं, असं तिला त्या दिवशी वाटलं. तिनं तो हिशेब थंड डोक्यानं केला होता आणि तो चुकलाही नाही.

कोट परत यायला लागले. एकजण आला, मग दुसरा. मास्तरांनी सगळ्यांच्या अंगात खोट काढली, पण गावातल्या सगळ्यांचेच खांदे एकाच महिन्यात कसे गळतील. शेवटी हॉटेलवाल्या बाई आल्या. त्यांनी चारही कोट टेबलावर टाकले, बसल्या नाहीत.

"माझा कोट ज्यानं केला त्यानं हे केलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "तो माणूस कुठाय?"

 नवरा म्हणाला, बाबांची तब्येत जरा बरी नाही. तेवढ्यात पडदा सरकवून ती बाहेर आली.

"मी केला होता. गेली कितीतरी वर्षं इथले सगळेच मी करत होते. आता करत नाही."

मास्तरांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. त्यांची नजर तिच्यावर न पडता तिच्या बाजूच्या आरशावर पडली. ते म्हणाले, "उसवणे, आत जा." आवाज पूर्वीचाच होता, पण दुकानात कुणी हसलं नाही. ती गेली नाही.

हॉटेलवाल्या बाईंनी तिला बाहेर रस्त्यावर नेलं. त्या गोड बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, त्या दिवशी मीही हसले, त्याची माफी मागत बसणार नाही, मला कोट हवेत. हॉटेलच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, मशीन देते. तिनं विचारलं, दर काय. बाईंनी सांगितलेला दर मास्तरांच्या निम्माही नव्हता.

"तू नवी आहेस," बाई म्हणाल्या.

"नाव नवं आहे. हात जुना आहे. मास्तरांना देत होता तोच दर द्यायचा. आणि मला माझ्या नावानं हाक मारायची."

बाईंनी तिला नीट न्याहाळलं आणि हो म्हटलं. गरज त्यांचीच होती, आणि ते ओळखायला ती आता शिकली होती.

नवऱ्यानं अडवलं नाही. तो आधी म्हणाला, लोक काय म्हणतील. मग म्हणाला, बाबांचं काय. मग म्हणाला, माझं काय. तिनं ट्रंक भरली. दुकान वर्षभरही टिकलं नाही. कारागीर आधी गेले, गिऱ्हाइकं त्यांच्या मागे. नवरा एकदा हॉटेलच्या मागच्या दारी आला होता. तुला काउंटरला माणूस लागेलच, म्हणाला, मला बोलता येतं. ती म्हणाली, मला बोलणारा नको. त्यानं पाणी मागितलं, तिनं दिलं, तो प्यायला आणि गेला. मास्तर पूर्ण आंधळे झाले आणि वरच्या खोलीत बसून राहिले. कुणीही भेटायला गेलं की ते तिच्याबद्दल एकच गोष्ट विचारायचे, "बुडाली का?" नाही, चांगलं चाललंय, असं कळलं की तोंड भिंतीकडे करायचे. बुडाल्याची बातमी ऐकल्याशिवायच ते गेले. ती पोचवायला गेली नाही.

तिचं खरंच चांगलं चाललं. हॉटेलचं काम झालं, मग बाहेरची माणसं यायला लागली, खोलीच्या दोन खोल्या झाल्या. दारावर पाटी लागली, तिच्या स्वतःच्या नावाची. दर कमी करा म्हणणाऱ्याला ती दार दाखवायची, आणि तो परत यायचा. घासाघीस करणाऱ्याशी ती तुटक बोलायची, काम करणाऱ्या बायकांशीही तुटकच, पण खोटं कधी बोलायची नाही आणि कुणाला टोपणनाव ठेवू द्यायची नाही.

मास्तरांच्या मागे आत्याबाईंना ठिकाण उरलं नाही. त्या एक दिवस पिशवीत सुया घेऊन आल्या आणि तिनं काही न विचारता त्यांना खुर्ची दिली. दोघी पुन्हा शेजारी बसून काम करायला लागल्या. जुन्या गोष्टी निघत नव्हत्या. मग एका दुपारी, दोऱ्याची गाठ दातानं तोडता तोडता, आत्याबाई म्हणाल्या की टपालबाबू हल्ली घराबाहेर पडत नाहीत. निरोपाच्या कार्यक्रमात ते भाषणाला उभे राहिले आणि मागच्या रांगेतल्या पोरासोरांनी खांदा उचलून त्यांची नक्कल केली. पुढे ती नक्कल कचेरीभर झाली, मग रस्त्यावर. लोकांना तेवढंच निमित्त लागतं.

तिनं हातातली सुई कापडात खोचली.

"तुझ्या सासऱ्यानं तुला खिळ्याला टांगलं, मान्य," आत्याबाई म्हणाल्या. "तू टपालबाबूंना कशाला टांगलंस?"

"तुम्हीही गप्पच होतात तिथं."

"मी जन्मभर गप्प होते. मला माझी किंमत कधी कळली नाही. तुला तर कळली होती ना?"

 त्याचं उत्तर तिनं काही दिवस शोधलं, सापडलं नाही, म्हणून ती टपालबाबूंच्या घरी गेली.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बायकोनं दार उघडलं आणि तिला ओळखलं. आत टपालबाबू खिडकीपाशी पेपर घेऊन बसले होते. तिला पाहून उठले, नमस्कार केला. तिनं आधी त्यांच्या खांद्यांकडेच पाहिलं. घरातल्या साध्या सदऱ्यात, उजवा खांदा वर उचललेला. तो आता तसाच राहत होता. मान त्या बाजूला किंचित आखडलेली. जो खांदा कधी गळलेला नव्हता, तो सरळ करता करता वाकडा झाला होता.

तिनं सांगितलं, तो कोट मला द्या, मी नीट करून देते, काही द्यायचं नाही.

"कशाला उगीच," टपालबाबू म्हणाले. "कोटाचा काय दोष. मास्तर बोलले ते खरं होतं. मी तेव्हापासून सवय करतोय, पण म्हातारं हाड, ऐकत नाही."

"तुमचं अंग सरळ होतं," ती म्हणाली. "कोट वाकडा कापला होता. त्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि मी बोलले नाही. मला त्यांचं दुकान बुडवायचं होतं."

तिला वाटलं होतं ते चिडतील. चिडायला हवं होतं. टपालबाबूंनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. त्यांचा उचललेला खांदा खाली आला नाही.

"तसं म्हणू नका," ते अगदी मऊपणे म्हणाले. "गेलेल्या माणसाबद्दल. एवढा नावाजलेला कारागीर, तो माझ्यासारख्याशी खोटं कशाला बोलेल? त्याला काय पडलंय? तुम्ही भल्या आहात, मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

ती आणखी समजवायला गेली. त्यांना मापही दाखवलं असतं, टेप पर्समध्ये होती. ते ऐकत राहिले, मान डोलवत राहिले, आणि त्यांनी एक अक्षरही खरं मानलं नाही. शेवटी म्हणाले, चहा घेऊन जा.

चहा न घेताच ती उठली. जिन्यावर मागून बायको आली. दोन पायऱ्या वर उभी राहून तिनं आवाज खाली ठेवला.

"मी तुमच्याकडे पाहिलं होतं त्या दिवशी. आठवतं?"

"आठवतं."

"मग आता परत येऊ नका. त्यांना वाटतंय देवानंच तसं घडवलं, त्यावर ते कसेबसे जगताहेत. माणसांनी मुद्दाम केलं हे त्यांना पटलं तर त्यांच्याकडे काही उरणार नाही."

दार बंद झालं. ती खाली उतरून रस्त्याला लागली. दुपारी हॉटेलात एका मोठ्या गिऱ्हाइकाची ट्रायल होती. ती वेळेवर पोचली, कच्चे टाके तपासले, खांदा दोन वेळा खडूनं खुणावून घेतला. गिऱ्हाइकानं आरशात पाहून विचारलं की माझ्या अंगात काही खोट आहे का.

"नाही," ती म्हणाली. आणि कोट अंगावरून काढून घेऊन तिनं खडूनं खुणावलेला खांदा उसवायला घेतला.